चार चर्चं, एक पेटी

घरी पाहुणे राहून गेले की मागं काही ना काही सापडतंच. कुणाचा रुमाल, कुणाचा चार्जर, कुणाच्या चष्म्याचं कव्हर. आमच्या प्रॅक्टिसनंतर तसा एखादा किस्सा सापडतो. मुद्दाम शोधावा लागत नाही. चार चर्चची माणसं एका खोलीत बसली, की उठताना काहीतरी मागं ठेवून जातातच!

खोली जुन्या जालन्यातली, मार्थामावशींची. दर नाताळाला आम्ही चार चर्चं मिळून गाण्यांचा कार्यक्रम करतो, त्याची प्रॅक्टिस तिथं होते. गावातले लोक आम्हाला ज्या नावांनी ओळखतात तीच सांगते, म्हणजे गोंधळ नको. मी दगडी चर्चवाली, म्हणजे प्रोटेस्टंट. शाळेत विज्ञान शिकवते आणि इथं पेटी वाजवते, म्हणून सगळ्यांची 'टीचर'. मार्थामावशी आणि त्यांचे धाकटे भाऊ फ्रान्सिसकाका हे फादरवाले, म्हणजे कॅथलिक. काकांचं मस्तगडला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पास्टर शांतवन टाळीवाले, म्हणजे पेंटेकॉस्टल. आवाज असा, की त्यांना माइक देणं म्हणजे विजेची नासाडी! आणि रूथ सिस्टर शनिवारवाल्या. त्यांची उपासना रविवारी नाही, शनिवारी असते. त्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहेत.

एवढीच माणसं लक्षात ठेवा. बाकीचे कोरसमध्ये आहेत.

* * *

पहिल्या वर्षी गाणी पटकन ठरली, वार काही ठरेना.

शनिवार म्हटलं की रूथ सिस्टर मान हलवायच्या. रविवारी बाकी तिघांची उपासना. शुक्रवारी पास्टरांच्या सभेचा उपास. बुधवारी आमच्या चर्चची घरोघर प्रार्थना. सोमवारी काकांना दुकानाचा माल आणायला जायचं असतं. मंगळवार मोकळा सापडला, तर कोरसमधल्या एक बाई म्हणाल्या, "मंगळवारी आमच्या गल्लीत पाणी सुटतं हो!" जालन्यात पाणी सुटण्यापुढं कुणाचाच धर्म चालत नाही.

मार्थामावशी चहा गाळता गाळता सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "देवानं सहा दिवसांत आख्खी दुनिया केली. अन् तुमाला सातातला एक दिवस सापडून न्हाई राह्यला?"

गुरुवार ठरला. गुरुवारीही कुणाचं काही असेलच, पण सांगायची हिंमत झाली नाही.

* * *

आमची एकी पहिल्यांदा दारातच अडकते. मी 'सलाम' म्हणते, आमच्यात जुनी पद्धत तीच. काका 'जय येशू' म्हणतात. पास्टर 'प्रेज द लॉर्ड!' म्हणतात, तेही गल्लीच्या टोकापासून. मग प्रत्येकानं समोरच्याचं परत म्हणायचं, मग समोरच्यानं त्याचं.

एकदा रिक्षावाले सलीमभाई मला सोडून सुट्ट्यासाठी थांबले होते. दारात आमचं चाललेलं पाहून शेवटी म्हणाले, "टीचर, इतने में तो मैं स्टेशन का एक फेरा मारके आता!"

* * *

पहिल्या कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची होती. ती सगळ्यांची एकच, त्यामुळे तिची प्रॅक्टिस कुणी केली नाही. घात तिथंच झाला!

फादरवाले 'वाइटापासून सोडव' म्हटलं की आमेन म्हणून थांबतात. आमच्यात आणि टाळीवाल्यांत पुढं राज्याची आणि गौरवाची आणखी एक ओळ असते. फ्रान्सिसकाकांनी खणखणीत "आमेन!" म्हटलं, खुर्ची मागं सरकवली आणि बसले. आम्ही चालूच. काका दचकून उठले, तोवर आमचं संपलं आणि आम्ही बसलो. पूर्ण हॉलमध्ये काका एकटे उभे!

पुढच्या वर्षी काकांनी आपल्या लोकांना बजावलं, "त्यांच्यासाठी म्हणून ती शेवटची ओळ म्हणायची. कुणी मधी बसायचं न्हाई!" बिचाऱ्यांनी कागदावरून पाठ केली.

इकडं पास्टर शांतवननी आम्हाला बजावलं, "काकांचं मागल्या साली हसं झाल्तं. या वेळी आपण त्यांच्यासंगं आमेन म्हणून थांबायचं. बिलकुल पुढं जायचं न्हाई!"

कुणी कुणाला सांगितलं नाही. कार्यक्रमात आम्ही जोरात आमेन म्हणून बसलो, आणि सगळे फादरवाले उभे राहून आमची ओळ म्हणतायत!

मावशींनी डोक्याला हात लावला. "पुढल्या साली आधी एकमेकाला सांगा रे. एवढं प्रेम बरं न्हाई!"

* * *

रूथ सिस्टरच्या दवाखान्यात आणखी दोघी ख्रिस्ती नर्स आहेत, दोघी रविवारवाल्या. रविवारी सकाळची ड्युटी सिस्टर घेतात, त्या दोघी चर्चला जातात. शनिवारी त्या दोघी थांबतात, सिस्टर उपासनेला जातात. वर्षानुवर्षं असंच बिनबोभाट चाललंय.

एकदा तिघींची जेवणाच्या सुट्टीत चर्चा रंगली. खरा विश्रांतीचा दिवस कोणता, शनिवार की रविवार? डबे तसेच राहिले, वचनांवर वचनं निघाली, आवाज वाढले. दवाखान्याचे डॉक्टर हिंदू, स्वभावानं शांत. ते घाबरून केबिनमधून बाहेर आले. "काय झालं?"

रूथ सिस्टर म्हणाल्या, "काही न्हाई सर. हा वाद आता एकदाचा मिटवून टाकावा म्हणून राह्यलो."

डॉक्टरांनी हात जोडले. "मिटवू नका हो! माझा अख्खा ड्युटी चार्ट त्याच्यावर चालतो!"

* * *

पास्टरांच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा म्हणजे माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून वर काढायचं. एकदा तो ठरला भर मे महिन्यात. जालन्यात मे महिन्यात माणूस बुडेल एवढं पाणी फक्त स्वप्नात दिसतं.

पास्टर हिरमुसले. तेव्हा फ्रान्सिसकाकाच म्हणाले, "वाटूरला माझं एक गिऱ्हाईक आहे, सर्जेराव म्हणून. त्यांच्या शेततळ्यावरची मोटर मीच बसवून दिली. विचारतो."

सर्जेरावांनी फोनवर लगेच हो म्हटलं. काकांनी त्यांना नेमकं काय सांगितलं ते आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. "माणसं येतील, देवाचं नाव घेऊन आंघोळ करतील," एवढंच!

आम्ही दोन जीप भरून गेलो. सर्जेराव बांधावर उभे राहून कौतुकानं बघत होते. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पहिला माणूस चांगला धिप्पाड, ट्रक चालवणारा. पास्टरांनी त्याच्या छातीवर एक हात ठेवला, पाठीला दुसरा लावला आणि त्याला उताणा पाण्याखाली दाबला.

"अहो सोडा त्याला!" सर्जेराव चप्पल टाकून धावत सुटले. "बुडवून राह्यले की हो माणसाला! धरा, धरा!"

ते धोतरासकट पाण्यात उतरले, तेवढ्यात ट्रकवाला वर आला, दोन्ही हात उंच करून ओरडला, "हालेलूया!" आणि आनंदाच्या भरात त्यानं सर्जेरावांनाच मिठी मारली.

मग काकांनी त्यांना लिंबाखाली बसवून सगळं समजावलं. पाण्याखाली जाणं म्हणजे जुन्या माणसाचं मरण, वर येणं म्हणजे नवा जन्म. सर्जेरावांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "अन् फ्रान्सिसशेठ, तुमच्यात कसं?"

"आमच्यात लेकरू असतानाच. कपाळावर थोडं पाणी."

"अन् टीचर, तुमच्यात?"

"आमच्यातही तसंच. ओंजळभर."

सर्जेरावांनी धोतर पिळत थोडा विचार केला. "मंग उन्हाळ्यात तुमचं बराबर हाय, अन् पावसाळ्यात यांचं!"

* * *

आम्ही कायम गोडीगुलाबीनं राहतो असं समजू नका. मागच्या वर्षी मंडळी मोडलीच होती.

कारण काय, तर कार्यक्रमात आधी कोण बोलणार, फादर की पास्टर. काका म्हणाले, "फादर वयानं मोठे." पास्टर म्हणाले, "दर साली फादरच मोठे असतात!" यावर हसून सोडून द्यायला पाहिजे होतं. पण काकांच्या तोंडून निघून गेलं, "आमचं चर्च कधीपासूनचं, अन् तुमचं कालचं!"

एवढ्या आवाजाचा माणूस गप्प झाला की खोली रिकामी वाटते. पास्टरांनी ढोलक उचललं आणि निघून गेले. त्यांच्यामागं टाळीवाले गेले. पुढच्या गुरुवारी काकाही आले नाहीत. मी एकटीच पेटी उघडून बसले, समोर मावशी. त्यांनी सवयीनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता. तो तसाच निवला.

रूथ सिस्टरनी बॅनरची ऑर्डर आधीच फोनवर टाइप करून दिलेली. बॅनर आला तेव्हा त्यांनी काका आणि पास्टर दोघांना वेगवेगळा फोन केला. "छापलेलं बघून घ्या, चूक निघाली तर माझ्या नावानं ओरडू नका." दोघं आले, एकमेकांकडं पाठ करून बसले. सिस्टरनी आणि मी बॅनर उलगडला.

मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं : 'ख्रिस्ती एकटा मेळावा'.

'एकता'चं 'एकटा' झालं होतं! काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "च्यायला, छापणाऱ्याला आपलं कळलं कसं?"

पहिल्यांदा पास्टर हसले, आणि त्यांचं हसणं काय छोटं असतं? मग काका हसले. मग हसता हसता काकांचे डोळे भरून आले. त्यांनी पास्टरांचा हात धरला. "तुमचं चर्च कालचं म्हणालो, ते चुकलं माझं."

"जाऊ द्या काका. फादरलाच बोलू द्या आधी."

"न्हाई, न्हाई! आधी पास्टर!"

"बिलकुल न्हाई! फादर!"

आवाज पुन्हा वाढायला लागले, तशी मी घाईघाईनं पेटी वाजवायला घेतली!

सिस्टरनी 'ट'वर पांढरी पट्टी चिकटवून 'त' लिहिला. तोच बॅनर यंदाही लावला. जवळून पाहिलं तर खालचा 'ट' अजून दिसतो.

* * *

आता हा शेवटचा.

यंदा नाताळ झाल्यावर मार्थामावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. रूथ सिस्टरच्याच दवाखान्यात ठेवलं होतं. त्या दुपारी काका मावशींच्या मुलीला आणायला स्टेशनवर गेलेले, फादर खेड्यांच्या भेटीला बाहेर. मावशींजवळ मी बसले होते.

मावशी बेचैन होत्या. मान उशीकडं वळवत होत्या. सिस्टरनी ओळखलं आणि उशीखालची जपमाळ काढून त्यांच्या डाव्या हातात दिली. पण त्या हाताला सलाइन, बोटं सुजलेली. मणी पुढं सरकेना. माळ दोनदा घसरून पडली. हात गेला तेव्हा मावशी रडल्या नव्हत्या. आता रडायला लागल्या.

तेवढ्यात पास्टर शांतवन शहाळं घेऊन आले.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. जपमाळेविरुद्ध पास्टरांइतकं दणदणीत जालन्यात कुणी बोललेलं नाही. "मणी मोजून देव भेटत न्हाई!" हे त्यांचं वाक्य त्यांच्या सभेच्या स्पीकरवरून मावशींच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

पास्टरांनी खाली पडलेली माळ पाहिली. मावशींचा हात पाहिला. शहाळं खिडकीत ठेवलं, माळ उचलली आणि स्टूल ओढून बसले.

"मावशी, मला येत न्हाई हे. कुठून धरू?"

मावशींनी डोळ्यांनीच माळेच्या टोकाचा क्रूस दाखवला. मग ओठ हलायला लागले. एक प्रार्थना संपली की त्या हनुवटी जराशी हलवायच्या, की पास्टर पुढचा मणी धरायचे. मी आणि सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होतो. आम्हा दोघींनाही त्यातलं काही येत नव्हतं.

बरंच पुढं गेल्यावर पास्टरांच्या चर्चमधले दोघं मावशींना बघायला आले. दारातच थबकले. एकानं न राहवून विचारलं, "पास्टर, तुमी जपमाळ म्हणून राह्यले?"

पास्टरांनी मान वर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात बोलले असतील. "म्हणून तर त्या राह्यल्या. मी नुसता मणी धरलाय."

मावशींनी डोळे उघडले. जड जिभेनं, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "बोललात. चुकलं. पहिल्यापासून."

"बराबर, मावशी," पास्टर म्हणाले, आणि त्यांनी बोटं पुन्हा क्रूसावर नेली.