अंगठ्यांच्या जागा

भोसरीतल्या मोबाईलच्या दुकानात ती माझ्या पुढे उभी होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. तिला स्क्रीनगार्ड बदलायचं होतं. जुन्या काचेवर दोन्ही बाजूंना अंगठ्यांच्या जागा घासून पांढऱ्या पडल्या होत्या.

"ताई, पोराला गेम खेळायला मोबाईल देत जाऊ नका," दुकानदार म्हणाला.

"मला पोर नाही. मीच खेळते."

"मग मिस्टर खेळत असतील."

तिने शांतपणे दोन्ही अंगठे त्या पांढऱ्या डागांवर ठेवले. बरोबर बसले. "ऑनलाइन खेळताना माइक तेवढा बंद ठेवते," ती म्हणाली. "बाईचा आवाज ऐकला की आपल्याच टीमची पोरं म्हणतात, जा, भाकऱ्या थाप."

तरी हा हसतोय. "टाइमपास म्हणून ठीक आहे, ताई."

माझं डोकंच फिरलं. अंगठे समोर दिसत असूनही या माणसाला खेळणारा दुसराच कुणीतरी हवा होता. ती मात्र नवी काच बोटाने तपासून निघून गेली.

मग त्याने माझा मोबाईल हातात घेतला. खिशातल्या किल्ल्यांनी काच पार खरवडली होती.

"भाऊ, भारी प्लेयर दिसताय. रँक काय?"

मी आयुष्यात एकही गेम खेळलेलो नाही.