आधी प्रश्न, मग सुरमई

वर्सोव्याच्या बाजारातल्या त्या मासेवालीला मी नुसतं मावशी म्हणते. नाव विचारायची सोयच नव्हती, तिथे प्रश्न फक्त तिच्या मुलीला विचारायचे.

मुलगी शेजारच्या उपड्या खोक्यावर ताठ बसलेली असायची. एका बड्या विद्यापीठाची लेखी परीक्षा ती पास झाली होती, मुलाखत राहिली होती. मी सुरमईला हात लावला की मावशी कोयत्याची मूठ पाटावर आपटायची. "भाव मागून. आधी हिला इंग्लिशमध्ये एक प्रश्न विचार."

"अगं, मला घाई आहे!"

"मग सोपा विचारशील. थांब जरा आणि कठीण विचार."

डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब, सगळे पिशव्या सांभाळत प्रश्न विचारायचे. मुलगी अडखळली की मावशी गिऱ्हाइकालाच दम द्यायची, "परत विचार, नीट!"

"त्यापेक्षा क्लास लाव ना," मी एकदा म्हटलं. ती खवले उडवत हसली.

"बड्यांच्या पोरांना साहेबलोकांशी बोलायची सवय घरात जेवतानाच लागते. माझ्याकडे साहेब येतात ते मासे घ्यायला. मग सवय इथेच लावायची ना?"

परवा तिने मला पेढा दिला. मुलीला प्रवेश मिळाला होता. पेढ्याला बोंबलाचा वास होता, तरी मी दुसरा मागून घेतला.

"मुलाखतीत घाबरली नाहीस ना गं?" मी मुलीला विचारलं.

"कशाला? तिघंच तर होते," ती म्हणाली. "आणि एकानेही घासाघीस केली नाही."