धोंड्याचा जावई

लायसन्स माझं आधीचं. तरी गाडी आली तेव्हा चाबी गेली नवऱ्याच्या खिशात आणि तिथेच मुक्कामाला राहिली. घराजवळच्या सक्करदऱ्यात भाजी आणायलासुद्धा ती मला मिळत नसे. "पावसाळा संपू दे," म्हणायचा. पावसाळा संपला की धुकं पडायचं, धुकं गेलं की टायर तापायचे. मला फार राग यायचा.

त्या वर्षी अधिक महिना नेमका भाताच्या रोवणीत आला. या महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, अनारसे वाढायचे, हातावर चांदीचा दिवा ठेवायचा. कुहीकडच्या माझ्या माहेरी एरवीही जावयाला कोणी उणा शब्द बोलत नाही. धोंड्यात तर तो शिंकला तरी कौतुक होतं.

निघताना मी चाबीसाठी हात पुढे केला. नवरा म्हणाला, "अवं, सासुरवाडीले जाऊन राहिलो अन् गाडी बायको चालवन? लोक का म्हनतीन?"

सकाळपासून पावसाची बुरबुर चालू होती. शेतातून डांबरावर चढलेल्या ट्रॅक्टरांनी चाकांना लागलेला चिखल रस्ताभर आणून सोडला होता. शेतकऱ्याची पोर मी. असा रस्ता दिसला की सायकलवरूनसुद्धा उतरायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

"हळू," मी म्हटलं.

"मले शिकवू नको."

गावाच्या वळणावर बाबा आमच्या वाटेकडे डोळे लावून उभे होते, सोबत चार माणसं. त्यांना पाहून नवऱ्याच्या अंगात संचारलं. हॉर्न वाजवला, वेग वाढवला आणि एका तळहाताने ऐटीत स्टेअरिंग फिरवलं. गाडी वळलीच नाही. सरळ घसरली, मग तव्यावरच्या पोळीसारखी गरकन फिरली आणि पाठमोरी बाबांच्याच धानाच्या बांधीत, रोवणीच्या चिखलात जाऊन बसली. दोघंही धड आहोत हे कळलं, तेव्हा कुठे मला पुन्हा राग आला.

रोवणीच्या बाया कंबर सरळ करून बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "अवं, जावई रोवणीले आले!" सगळ्या खिदळल्या. बाबांनी डोळे वटारले तशा पुन्हा वाकल्या.

"वा जावईबापू! का सांभाळली गाडी!" बाबा म्हणाले.

मग एकाने रस्त्याला शिव्या दिल्या, दुसऱ्याने ट्रॅक्टरवाल्यांना, तिसऱ्याने टायर बनवणाऱ्यांना. चालवणाऱ्याचं नाव कोणी काढेना. चहा येईस्तोवर नवऱ्याची खात्री पटली होती की आपण आज बायकोचा जीव वाचवला. माझ्या मनात आलं, झालं, आता ही चाबी जन्मात मिळत नाही.

ट्रॅक्टरला दोर बांधला. जावयाचे पाय चिखलात कसे भरू द्यायचे, म्हणून स्टेअरिंगवर मला बसवलं आणि तो बांधावर उभा राहून टॉवेलने हात पुसत सूचना देत राहिला. गाडी वर आली, तसा तो माझ्या बाजूच्या दाराशी आला.

बाबा मध्ये उभे राहिले. "जावईबापू, तुमी तिकडून बसा."

"मी चालवतो ना, बाबा."

"छे! धोंड्याचा जावई का डायवरकी करन? आमचा काही मान हाये का नाही? लोक का म्हनतीन?"

चारही माणसांनी माना डोलावल्या. एवढा मान पदरात घेऊन नवरा डावीकडे जाऊन बसला.

संध्याकाळी निघताना चांदीचा दिवा त्याच्या मांडीवर होता आणि चाबी माझ्याकडे. बाबा माझ्या खिडकीशी वाकले. चेहऱ्यावर हसू नावाला नव्हतं.

"पुढच्या खेपेलेही जावईबापूले असंच मानानं आनजो, पोरी," म्हणाले.

मी चाबी फिरवली.