देवमाशाच्या पाठीचा वाक

गल्लीत तिला कोणी नावानं हाक मारत नसे. ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहतेय का हे बघायला गवंडी दोरीला लोखंडी लट्टू बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. हे नाव वडिलांनीच ठेवलेलं, कारण पोरीला लहानपणापासून तिरकं काही खपत नसे. दुसऱ्यांच्या घरी गेली की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग बसणार. होणाऱ्या नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेली तेव्हाही तिनं "ये, बस" ऐकायच्या आत कपाटावरचा फोटो सरळ केला होता. सासूबाई अजून सांगतात, "मी तेव्हाच ओळखलं. म्हटलं, ही माझ्या पोराला सरळ करणार. फोटो सरळ झाला, पोरगा अजून व्हायचाय."

वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं, त्यांच्यामागे ते तिनं चालवलं. गेट, जाळ्या, जिने, शटरं. चेहऱ्यावर काळ्या काचेचा मुखवटा, हातात कोपरापर्यंत चामडी मोजे. काम संपलं की काटकोन बघायला गुण्या लावायचा, ओळंबा सोडायचा, लेव्हलमधला पाण्याचा बुडबुडा मधोमध आला की मगच गिऱ्हाइकाला बोलवायचं. तिनं केलेल्या गेटवर पेला ठेवला तर पाणी सांडायचं नाही, असं लोक म्हणत. गेटवर पेला कशाला ठेवायचा, असं मात्र कोणी विचारत नसे.

म्युझियमशी तिचा संबंध आला तोही गेटपायीच. टेकडीच्या पायथ्याशी पशुपक्ष्यांचं, दगडांचं, शंखशिंपल्यांचं जुनं म्युझियम आहे. त्याचं फाटक एका बाजूला लोंबायला लागलं होतं. ती बिजागरी बदलायला आली आणि हात धुवायला म्हणून आत शिरली ती वाटच चुकली. एका दारातून गेली तर समोर उंच कपाटं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. एक बाई खण उघडून उभ्या होत्या. खणात पक्षीच पक्षी, उताणे, पंख मिटलेले, प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. निळे निळे, एकापेक्षा एक गडद.

"हे सगळे एकच?" तिनं दारातूनच विचारलं.

बाई दचकल्या नाहीत. "एकाच जातीचे. पण नीट बघा, दोन सारखे सापडले तर मला सांगा."

ती वाकून बघत राहिली. इतकी, की शेवटी बाईंनीच दुसरा खण उघडला, मग तिसरा. अंडी, कापसावर ठेवलेली. शिंपले, नखाएवढ्यापासून परातीएवढ्यापर्यंत. टाचणीच्या डोक्याएवढे भुंगे, प्रत्येकाला स्वतंत्र टाचणी. ओळंबाला वाटलं, कोणीतरी हे सगळं जग घडवलं आणि मग एकेक नमुना इथे ठेवून दिला, हरवू नये म्हणून.

त्या बाई म्हणजे म्युझियमच्या संग्रहपाल. पण आख्खा स्टाफ त्यांना हाडवाल्या मॅडम म्हणायचा, कारण त्यांचा जीव हाडांत. फाटक झालं, मग ओळंबानं हरणाच्या मोडक्या पायाला आतून सळई घातली, मग जिराफाच्या सांगाड्याला टेकू केला. दुकान चालूच होतं, पण आठवड्यात एक दिवस तरी ती म्युझियममध्ये दिसायचीच. अशी वर्षं गेली. आणि मग देवमासा आला.

किनाऱ्याला लागून मेलेला तो देवमासा म्युझियमनं वाळूत पुरून ठेवला होता. मांस गळून गेल्यावर हाडं उकरली, धुतली, उन्हात वाळवली आणि मागच्या शेडमध्ये मांडली. ओळंबा शेडमध्ये आली आणि दारातच थांबली. एकेक मणका स्टुलाएवढा. जबड्याची हाडं कमानीसारखी, खालून माणूस न वाकता जाईल अशी. नवरा बस चालवतो, तो बरोबर आला होता. त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितलं आणि म्हणाला, "अगं, हा माझ्या बसपेक्षा लांब आहे!"

"वळवता आला असता का तुम्हाला?"

"हा? ह्याला हॉर्नसुद्धा लागत नसेल."

हाडवाल्या मॅडम हसल्या. "ही मादी आहे. आणि देवमासा म्हणतात तरी मासा नाही बरं का. पिल्लाला दूध पाजते."

"मग नाव बदला की तिचं," ओळंबा म्हणाली.

"तुम्ही आधी ती टांगून द्या. नावाचं बघू."

मोठ्या दालनाच्या छताला टांगायची होती. मणक्यांमधून पाठीची दोरी, म्हणजे मज्जारज्जू, जायची जी पोकळी असते, तिच्यातून लोखंडी पाइप घालायचा, शेपटीकडे बारीक होत जाणारा. दोन मणक्यांच्या मधे रबराची चकती, जिवंतपणी तिथे कूर्चेची गादी असते म्हणून. मॅडमनी मोठ्या कागदावर चित्र काढून दिलं, कुठला मणका कुठे, किती फट. आणि त्या एका परिषदेला दूरदेशी गेल्या, महिनाभरासाठी.

ओळंबानं चित्र भिंतीला लावलं. पाठीच्या कण्याची रेघ डोक्याकडे खाली गेली होती, मधे वर उचललेली, शेपटीकडे पुन्हा सावकाश वळलेली. ओळंबा मनात हसली. बिचाऱ्या मॅडम. हाडांवर हात चांगला, पण एवढी लांब रेघ एका दमात ओढायची म्हणजे हात हलणारच. आपण मुकाट्यानं सांभाळून घ्यावं, वर सांगूही नये. तिनं पट्टी घेतली, टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ मारली आणि त्या रेघेवर काम सुरू केलं.

महिनाभर तिनं दुसरं काही केलं नाही. पाइप जोडला, घासला, मणके एकेक करून ओवले. लाकडी घोड्यांवर ठेवलेला तो कणा असा एका सुतात आला की लेव्हल कुठेही ठेवा, बुडबुडा मधोमध. फासळ्या लावल्या. पुढच्या, वल्ह्यासारख्या परांची हाडं जोडताना ती थबकली. आत बोटं होती. खरीखुरी बोटं, सांध्यांची, पेरांची. तिनं आपला मोजा काढला आणि आपला हात शेजारी धरला. बराच वेळ धरला.

काम झालं त्या दिवशी ती अभिमानानं सासूबाईंना दाखवायला घेऊन आली. सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली.

"बाई गं! केवढं हे जनावर! हे पाण्यात होतं?"

"हो ना."

"आणि तू बनवलंस?"

"जोडलं, आई."

"काय सरळ जोडलंयस. ओल्या चादरी वाळत घालाव्यात अशी." मग सुनेचा चेहरा बघून घाईनं म्हणाल्या, "चांगलंच म्हणतेय गं मी. सगळ्या वाडीवस्तीच्या चादरी मावतील."

ओळंबानं हसून साजरं केलं. पण त्यांना बसमध्ये बसवून परत आली, तेव्हा पाय आपोआप दारातच थांबले. तिनं बघितलं. तिचं सगळ्यात मोठं, सगळ्यात सरळ काम. काहीतरी चुकलं होतं आणि लेव्हल ते सांगत नव्हती.

दोन दिवसांनी मॅडम परत आल्या. शेडमध्ये आल्या, सांगाड्याभोवती एक फेरी मारली. 

"काम फार नेटकं झालंय," मॅडम म्हणाल्या.

"पण?"

"पण काही नाही. उद्घाटन पुढच्या आठवड्यात आहे. म्युझियमचे साहेब म्हणतात, आहे तशी टांगा."

"मॅडम, तुम्ही खोटं बोलताना हाडांकडे बघता. माझ्याकडे बघा."

मॅडमनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "मी वाक काढला होता."

"तो वाक होता?" ओळंबा मागे टेकली, तो घोड्यावरचा कणाच निघाला, म्हणून पुन्हा सरळ झाली. "मला वाटलं तुमचा हात हलला!"

दोघींनाही असं हसू फुटलं की मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. 

"लोकांना नाही कळणार," मॅडम म्हणाल्या. "राहू द्या."

"वाक कशाला असतो पण? एवढा भक्कम कणा!"

मॅडमनी एक खोका उघडला. कापसात दोन हाडं होती, हातभर लांबीची, बारीक, धनुकलीसारखी. "ही कुठे लावायची तुम्ही विचारलंत का?"

"सांगाड्यात कुठेच बसेनात. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या जनावराची."

"हिचीच. ही कशालाच जोडलेली नसतात, मांसात नुसती तरंगत असतात. ही हिची कंबर."

"कंबर? म्हणजे पाय?"

"हिला नव्हते. पण हिच्या फार फार जुन्या आज्या जमिनीवर चालायच्या. चार पायांवर, धावायच्यासुद्धा. मग पाण्यात गेल्या. मागचे पाय गेले, एवढं उरलं. आणि बघा, मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. ही वर-खाली हलवते. धावणाऱ्या जनावराची पाठ कशी वर-खाली होते, तशी. अजून धावतेच आहे ती, फक्त पाण्यात."

ओळंबानं ती दोन हाडं तळहातांवर घेतली.  इतक्या वर्षांत तिनं हजारो वस्तू इथे बघितल्या होत्या, पण एखादी वस्तू इतक्या लांबून चालत आपल्या हातात आलीय असं तिला कधी वाटलं नव्हतं. आणि आपण काय केलं? धावणाऱ्या जिवाचा गेटचा दांडा केला. आता ही छताला टांगली की आपण नसू, मॅडम नसतील, तरी ती तशीच राहणार. येणारं प्रत्येक पोर तिला बघून हेच समजणार की देवमासा असा असतो, मेलेला.

"साहेबांना सांगा, आठवडा पुरेल," ती म्हणाली.

"सगळे मणके उतरवावे लागतील."

"उतरवू."

"पाइप कापणार?"

"कापला तर जोड कमजोर पडेल. वाकवणार."  वाकलेलं सरळ करण्यात तिची उभी हयात गेली होती. सरळ असलेलं मुद्दाम वाकवायचं, तेही कुठे थांबायचं हे सांगणारं एकही अवजार नसताना?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर मॅडम हातात खडू घेऊन चालायला लागल्या. चित्र नव्हतं हातात. त्या नुसत्या चालत गेल्या, खाली, मग वर, मग सावकाश वळत, आणि त्यांच्या मागे पांढरी रेघ उमटत गेली, अंगणभर. स्टाफमधली माणसं कामं टाकून व्हरांड्यात येऊन उभी राहिली. 

मग ओळंबानं पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून भरली आणि दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारली. पोकळ पाइप तसाच वाकवला तर चिमटतो, आत वाळू असली की गोलाई टिकते. दोन खुंटांमध्ये अडकवून ज्योत लावली. लोखंड लाल झालं. ती आणि नवरा टोकाला लोंबकळले.

"थोडं अजून," खडूच्या रेघेच्या त्या टोकाहून मॅडम ओरडल्या.

"किती थोडं?" ओळंबा ओरडली.

"मला नाही सांगता येत! थोडं!"

"अहो, श्वास सोडू नका," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू म्हणशील तेव्हाच सोडतो," नवरा म्हणाला. "लग्न झाल्यापासून तेच करतोय."

हळूहळू तिला ते कळायला लागलं. डोळ्यांना नाही, हातांना. लोखंड कुठल्या क्षणी 'बास' म्हणतं ते. दुपारनंतर मॅडमनी सांगायचं थांबवलं, आणि दोघींपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. पाइप रेघेशेजारी ठेवला तेव्हा एका जागी तो रेघेपेक्षा अंगुळभर जास्त वळलेला होता.

"सुधारू?" ओळंबानं विचारलं.

 मॅडमनी बुटानं खडूची रेघ पुसली आणि पाइपला लागून नवी ओढली.

पुढचे दिवस रबराच्या चकत्या पुन्हा कापण्यात गेले. आता प्रत्येक चकती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, कुठलीच दुसरीसारखी नाही. मणके पुन्हा ओवले. दोन लहान हाडं बारीक तारांनी पोटाखाली सोडली, कशालाही न लागणारी.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी कणा आणि फासळ्या मोठ्या दालनात आणून साखळ्या लावल्या. पर आणि डोकं आधीच वर चढवून झालं होतं. छताच्या तुळयांना कप्प्या होत्या. नवरा एका साखळीवर, पहारेकरी दुसऱ्या दोन साखळ्यांवर, मधे मॅडम. ओळंबा खाली, एक हात फासळ्यांवर. साखळ्या कडकडल्या. कणा जमिनीवरून उचलला गेला आणि तिच्या हाताखालून निसटून वर जायला लागला. हात पुरेनासा झाला तेव्हा तिनं तो खाली घेतला.

वर जाता जाता शेपटी आधी पोचली. मग पाठ वर उचलली गेली. मग मान खाली उतरली आणि डोक्याला जाऊन मिळाली. ओळंबानं शिडीवर चढून छताच्या सळ्यांचा एकेक बोल्ट आवळला, उतरली. "सोडा," ती म्हणाली. साखळ्या सैल झाल्या, भार तुळयांवर गेला. सांगाडा किंचित डोलला, इकडून तिकडे, आणि स्थिर झाला.

उंच खिडक्यांतून ऊन आत येत होतं. देवमासा दालनाच्या त्या टोकाकडून खाली झेपावत दाराकडे निघाला होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमनी तोंडावर हात धरला होता. नवरा दारासमोर उभा होता, हातात रिकामी साखळी. वर बघता बघता तो एक पाऊल मागे सरला, मग बाजूला झाला, भिंतीला लागून उभा राहिला. पहारेकरीही सरकले. ओळंबा त्यांच्याकडे बघत होती. कोणीही त्यांना हटा म्हटलं नव्हतं. देवमाशाला जाऊ द्यायला सगळ्यांनी वाट मोकळी केली होती.