लाल बटणावर बोंबलांची पिशवी

मंडळी, आज दुपारी पाम गावाजवळच्या त्या नव्या, माणूस नसलेल्या पेट्रोल पंपावर आम्ही चांगलेच अडकलो.

स्कूटरवरून मनोरला निघालो होतो. मागे आत्या, तिच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. पाटी म्हणते, पेट्रोल भरताना गाडीवरून उतरा. उतरलो. आत्याला समोर छान खुंटी दिसली. तिने पिशवी जोर लावून अडकवली. ती खुंटी म्हणजे संकटात दाबायचं लाल बटण! पंप ठप्प.

पाटीवर लिहिलेलं, ‘अडचण आल्यास फोन करा’. त्याच्याच खाली, ‘मोबाईल वापरू नका’. मग मी फोन करायला पार रस्त्यापर्यंत चालत गेलो.

परत येतो तर आमच्या मागे रांगेत थांबलेल्या रिक्षावाल्याने कंटाळून बिडी तोंडात धरलेली, हातात काडेपेटी. पंपावरचा कॅमेरा शांतपणे बघतोय. आत्या मात्र धावलीच.

"ए, हितं बिडी पेटवतो? अक्कल हाय का नाय तुला?"

काडेपेटी बोंबलांच्या पिशवीत जमा.

तासाभराने पंपाचा माणूस आला आणि आत्यालाच सुरक्षेचे नियम समजावू लागला.

तुमच्या गावातही असा पंप येईल. कॅमेरा असेल, पाटी असेल, लाल बटणही असेल. आत्या आहे का?