डाव्या हाताचं पहिलं बोट

आमच्या दवाखान्यात पट्टीच्या खोलीत एक बाई होत्या. त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण पाठीमागे बोललेलं त्यांना खपत नसे. राग नाकावर. पेशंट कण्हायला लागला की म्हणत, "ओरडायचंय? मग एकदाच मोठ्यानं ओरडून घ्या, मागे वीस जण उभे आहेत." पण हात असा हलका, की खपली निघाल्याचं पेशंटला ती ट्रेमध्ये पडल्यावरच कळायचं. मी शेजारच्या खिडकीत औषधं देणारा कंपाउंडर. बावीस वर्षं आमच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती आणि तिच्यातून मी त्यांचा तोंडाचा पट्टा ऐकत आलो. तेव्हा त्यांच्याबद्दल सांगायला माझ्याइतका लायक माणूस नाही. नालायकही नाही, ते पुढे कळेलच.

आमच्या वॉर्डात दोन प्रकारची माणसं. वरच्या रस्त्याला राहणारे स्वतःला 'मूळचे' म्हणवतात. खालच्या गल्लीतल्यांना सगळे 'आलेले' म्हणतात. आलेल्यांना येऊन साठ वर्षं झाली. मूळचे त्यांच्या आधी जेमतेम चाळीस वर्षं आले, पण हे बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही. घरात बोलायची भाषा वेगळी, नाकाडोळ्यांची ठेवण वेगळी. एरवी हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं, पण नगरपालिकेची निवडणूक आली की प्रत्येकाला एकदम आपला पणजोबा आठवतो आणि मत त्या पणजोबाला विचारून दिलं जातं. मी मूळच्यांतला. बाईही मूळच्यांतल्याच, आणि नुसत्या तेवढ्याच नव्हेत. वॉर्डाचे नगरसेवक त्यांचे सख्खे धाकटे दीर.

खालची गल्ली जवळजवळ सगळी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कामाला जाते. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात कोळंबी धरायची, उजव्या हातानं डोकं पिरगाळायचं, मग साल काढायची. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. तो दिवसातून पन्नासदा त्या डाव्या बोटात शिरतो. हात सतत बर्फाच्या पाण्यात आणि बाहेर असा दमट उकाडा, की धुतलेलं फडकं दोन दिवस वाळत नाही. मग बोटावर आधी पुळी, मग पू, मग मधाच्या रंगाची खपली आणि खपलीखाली खोल जखम. उपाय साधा आहे. जखम धुवायची, मलम लावायचं आणि जंतू मारणाऱ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ सात दिवस घ्यायच्या. सात म्हणजे सात. तिसऱ्या दिवशी ठणका थांबतो म्हणून सोडल्या, तर जखम परत येते आणि शहाणी होऊन येते. मग ती त्या गोळीला दाद देत नाही.

मागच्या निवडणुकीच्या आधी गोळ्यांचा तुटवडा होता. बाईंनी ठरवलं, आधी ज्यांच्या पायाला आणि चेहऱ्याला झालंय त्यांना द्यायच्या. "बोटं थांबतील," असं त्या म्हणाल्याचं मी भिंतीतून ऐकलं होतं. बोटांना त्यांनी नुसत्या पट्ट्या बांधल्या, स्वच्छ, घट्ट, एकसारख्या. आणि मतदानाच्या दिवशी शाईच्या टेबलावर ड्युटी होती माझी. शाई लावतात डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला. पट्टीवाला पहिला माणूस समोर आला, तेव्हा मी केंद्रप्रमुखाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बोट उघडं आणि धड पाहिजे. जखमेवर शाई लागत नाही. परत पाठवा." मी पाठवलं. काहींनी तिथंच पट्टी सोडून बोट पुढे केलं, त्यांनाही पाठवलं. सरकारी नोकर माणूस, सांगितलं तसं केलं. खालच्या गल्लीतले त्रेचाळीस जण मत न देता घरी गेले, आणि दीर एकतीस मतांनी निवडून आले.

बाईंना हे कळलं ते दिरांच्याच तोंडून. पेढ्यांचा पुडा घेऊन ते भावाकडे गेले आणि हसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या पट्ट्यांनी तारलं बरं का." बाईंनी पुडा तसाच त्यांच्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि एकच शब्द बोलल्या, "किती?" मी आकडा सांगितला. त्यानंतर चार दिवस त्यांनी एकाही पेशंटला झापलं नाही. पेशंट घाबरले. मला वाटलं होतं, माझ्यावर तुटून पडतील. पण त्यांनी सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. "मीच म्हटलं ना, बोटं थांबतील म्हणून," एवढंच म्हणाल्या. मी शेपूट घालून गप्प बसलो. दुसरा कुणी ओझं उचलत असेल तर आपण मध्ये का पडावं.

यंदा मतदानाला तीन आठवडे असताना बाईंनी रांगेचा नियमच बदलला. डावं पहिलं बोट दुखत असेल तो पुढे. मूळच्यांतल्या एका मास्तरांच्या मानेला फोड होता, ते चिडले. "बाई, तुम्ही कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

"सध्या ज्याचं बोट हातात आहे त्याची," बाई म्हणाल्या. "तुम्ही मानेनं मत देता का? नाही ना? मग बसा."

मी त्यांना हळूच म्हटलं, "बाई, खालच्या गल्लीचा उमेदवार म्हणजे तो सायकलवाला. आज पंक्चर काढतो, उद्या तिथंच गळतं. त्याच्यासाठी घरात वैर घेताय?"

"त्याला मी तरी देईन का मत?" त्या म्हणाल्या. "कुणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं बघावं. बोट बरं करायचं काम माझं आहे, आणि मागच्या वेळी मी ते केलं नाही."

ही बातमी वरच्या रस्त्याला पोचायला किती वेळ लागणार. चौथ्या दिवशी दवाखाना समितीचं पत्र आलं, खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे दीरच, आणि बाईंची दरवर्षीची नेमणूकही हीच समिती करायची. मोफत औषधांचा मतांसाठी वापर होत असल्याचा आक्षेप येऊ नये, म्हणून मतदान होईपर्यंत गोळ्यांचा नवीन खोका उघडू नये. वाचणाऱ्याला वाटावं, काय हा सज्जन माणूस. फोडलेल्या खोक्यात दोन दिवस पुरतील एवढ्याच गोळ्या उरल्या होत्या, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

बाई खिडकीशी आल्या. "भाऊ, किल्ली."

"बाई, सही आहे अध्यक्षांची."

"अठ्ठेचाळीस माणसांच्या दोन-तीन दिवसांच्याच गोळ्या झाल्यात. आत्ता गोळ्या तुटल्या तर शाई राहू द्या, बोटं जातील."

"माझी नोकरी जाईल," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की किल्ली खिशात असून टोचायला लागली. पण हिसकावली नाही. "तुमचंही बरोबर आहे. कणा काही दवाखान्यातून मिळत नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याच दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या वेळी, नगरसेवक मागच्या दारानं आले. आले ते उभेच राहिले. मी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले. आठवडाभर गावानं त्यांना प्रचाराच्या उघड्या जीपमध्ये सतत उभं पाहिलं होतं आणि कौतुक केलं होतं, की काय उत्साह आहे. खरी गोष्ट अशी होती, की त्यांना बसता येत नव्हतं. जिथं बसतात नेमकं तिथंच लिंबाएवढं गळू झालं होतं. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. इथं जावयाच्या जागी वहिनी.

"वहिनी, डॉक्टर नाहीत का?"

"परवा येतील. तोवर उभे राहता?"

ते कळवळले. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हे दीर सहा वर्षांचे होते. त्यांना आंघोळ घालायचं काम तेव्हा बाईंकडेच होतं. "लाजताय काय, मला काही नवीन नाही," असं म्हणून त्यांनी पडदा ओढला. मग भिंतीतून एक असा आवाज आला, की बाहेरच्या कुत्र्यानं मान वर केली. पू काढून, धुऊन, पट्टी लावून बाई हात पुसत बाहेर आल्या. मागून नगरसेवक, घामानं निथळत.

"आता सात दिवस गोळ्या," बाई म्हणाल्या. "नाहीतर परत भरेल. भाऊ, द्या."

मी म्हटलं, "बाई, खोका..." आणि थांबलो. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, दिरांकडे पाहत होत्या.

"फोडलेल्या खोक्यातल्या गोळ्या आधीच्या पेशंटांच्या आहेत. तुमचंच पत्र आहे ना, खोका उघडायचा नाही म्हणून. तुम्ही लिहून द्या, ते उघडतील."

नगरसेवक काही मूर्ख नव्हते. त्यांना सगळं दिसलं. "वहिनी, आपल्या माणसांच्या मुळावर उठताय तुम्ही."

"आपली माणसं कोण ते मला तुमच्याकडून नको. तुमचा पू आणि त्यांचा पू एकाच बादलीत पडलाय, जाऊन बघा." बाईंचा आवाज चढला होता. "मला घरातून काढा, वाळीत टाका, यंदाची नेमणूक अडवा. पण अर्धवट गोळ्या मी कुणालाही देणार नाही, तुम्हालासुद्धा नाही. देईन तर सगळ्यांना सात दिवस."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर जीपमध्ये उभे राहा. लोकांना आवडतंय."

ते दारापर्यंत गेले. पायरी उतरताना तोंडातून "आई गं" निघालं. मागे फिरले आणि माझ्या खिडकीच्या फळीवर, उभ्याउभ्या, लिहून दिलं. सही करताना पेन कागदातून आरपार गेलं. मी कपाट उघडलं. मला इतकं बरं वाटलं, की मला माझीच लाज वाटली.

पुढचे दिवस बाई रोज सकाळी प्रत्येकाला समोर उभं करून गोळी गिळायला लावत, जीभ वर करून बघत, आणि संध्याकाळची गोळी द्यायला स्वतः शेडच्या फाटकावर जात. वाटेत वरच्या रस्त्यावरच्या बायका दारं लावून घ्यायच्या. सख्ख्या जावेनं तोंड फिरवलं. नवरा मात्र म्हणाला, "जेवायला थांबतो, लवकर ये." तो माणूस आयुष्यात तेवढंच बोलला असेल, पण वेळेवर बोलला.

मतदानाला शाईच्या टेबलावर पुन्हा मी. केंद्रप्रमुखही तोच. खालच्या गल्लीची रांग आली. बोटं पुढे येत होती, गुलाबी नवी कातडी आलेली, आणि मी शाई लावत होतो. केंद्रप्रमुख प्रत्येक बोट वाकून पाहायचा आणि मागे व्हायचा. अठ्ठेचाळीस जण झाले. एकोणपन्नासावी शेडमधली सगळ्यात जुनी सोलणारी म्हातारी. मुकादमानं सुट्टी न दिल्यामुळे तिच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या होत्या. बोट अजून ओलं होतं.

"परत पाठवा," केंद्रप्रमुख म्हणाला.

बाई तिच्या मागेच उभ्या होत्या. "कुठल्या नियमानं?"

"नियम आहे. पुस्तकात आहे."

"मग वाचा."

"बाई, रांग अडवू नका."

"अडवणारच." त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मागची मूळच्यांची रांग कुरकुरायला लागली. मास्तर तर हातवारे करायला लागले. बाई हलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला वाचता येतं ना?"

नियमांचं पुस्तक शाईच्या बाटलीखाली होतं, टेबल शाईनं खराब होऊ नये म्हणून ठेवलेलं. मागच्या वेळीही तिथंच होतं. मी ते काढलं, पान शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. त्या बोटाला इजा असेल, तर त्याच हाताच्या दुसऱ्या कुठल्याही बोटाला शाई लावावी. तो हातच नसेल तर दुसऱ्या हाताच्या. कुणालाही या कारणानं परत पाठवू नये.

केंद्रप्रमुख चष्मा पुसायला लागला. मी म्हातारीच्या मधल्या बोटाला शाई लावली. घाईत शाई तिच्या तळव्यावरही सांडली. पाच वर्षं बाईंनी स्वतःला खाल्लं होतं, आणि उत्तर माझ्या कोपराखाली पडलेलं होतं.

मतमोजणीत दीरच आले, अकरा मतांनी. खालच्या गल्लीतल्या काही जणांनी सायकलवाल्याच्या पंक्चरांना कंटाळून त्यांनाच मत दिलं म्हणे. तरीही बाईंची नेमणूक पुढे चालू झाली नाही. महिनाअखेर शेवटचा दिवस, असं पत्र आलं. मी घाबरतच विचारलं, "मग हे सगळं केलं ते कशासाठी?"

"मत दिलं ना त्यांनी? बास," बाई म्हणाल्या. मग पिशवी उचलली. "पाच वाजले. चला."

"कुठे?"

"त्रेचाळीस माणसं आहेत. मागच्या वेळी परत पाठवलंत ना, त्यांना जाऊन सांगायचं, 'नियम तुमच्या बाजूचा होता आणि मी पुस्तक उघडलं नाही.' मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं."

मी म्हटलं, ते लोक मला मारतील. बाई म्हणाल्या, पट्टी बांधायला मी आहे.

पहिलं दार त्या म्हातारीचंच होतं. तिनं उघडलं. मी मान खाली घालून, घशातल्या घशात, सगळं सांगितलं. बाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या.

"मोठ्यानं सांगा," त्या म्हणाल्या. "आत तिचा नवरा आहे, त्यालाही परत पाठवलं होतंत. त्याला कमी ऐकू येतं."