चारी कोपरे

पिंपरीच्या एका कंपनीत खोक्यांवर अक्षरं छापणारे एक गृहस्थ माझ्या शेजारच्या खोलीत राहत. संक्रांत जवळ आली की ते घरी भेटकार्डं करायला बसत. जाड कागदात सुगडाचा आकार कापायचा, तो कागद कार्डावर धरायचा आणि रंगात बुडवलेल्या टूथब्रशवर कंगवा घासून तुषार उडवायचे. कडेने बटाट्याच्या ठशाची फुलं. मी जवळ गेलो की एवढंच म्हणत, "वाळू द्या, वाळू द्या. हात नको."

रंग ओघळला तर त्यांना चाले. कोपरा जरा दुमडला, तर मात्र कार्ड चुलीत जाई. त्यांच्या गावी मयताच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवत, आणि त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं. टपाल हातात आलं की ती आधी कोपरे चाचपायची.

त्या वर्षी आईचं कार्ड पेटीत टाकल्यावर ते तिथून हलेनात.

"आत जाताना कुठंतरी अडकल्यासारखं वाटलं हो."

मीही थांबलो. पोस्टमन पेटी उघडायला आला, तेव्हा त्यांनी हात जोडले. "परत नको मला. नुसते कोपरे बघा."

पोस्टमनने कार्ड शोधून वर धरलं. "चारी हायेत की, भाऊ."

त्यांनी घाम पुसला. मला वाटलं, आता घरी येतील. ते स्टेशनच्या रस्त्याला वळले.

"पुढं थैलीत फाटलं तर?" ते म्हणाले. "कार्डाच्या आधी मीच दारात उभा राहतो."